नासर सरोवरातलं कलाब्शा

आस्वानला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी तिथं एक-दोन मुक्काम करतात. एका पहाटे उठून अबू सिंबेल, परत आल्यावर फिलीचं इसिस मंदिर, वाटेत आस्वानचं मोठं धरण, संध्याकाळी शिडाच्या फलुकेतून नाईलवर फेरफटका, आणि मग लक्झरकडे निघणारी क्रूझ. टूर कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत कलाब्शाचं नाव सहसा नसतं. धरणाच्या भिंतीवर बस थोडा वेळ थांबते, मंडळी खाली उतरून दक्षिणेकडे पसरलेल्या निळ्या पाण्याचे फोटो काढतात आणि पुन्हा बसमध्ये चढतात. त्याच फोटोंमध्ये नीट पाहिलं तर उजव्या हाताला, पाण्याच्या कडेला, वाळूच्या रंगाचा एक खडकाळ उंचवटा दिसतो आणि त्यावर एक चौकोनी दगडी इमारत. तेच कलाब्शा. धरणापासून जेमतेम किलोमीटरभर अंतर, पण जायला रस्ता नाही, शेजारी वस्ती नाही, आणि दिवसचे दिवस कोणी पर्यटक फिरकत नाही.

मी तिथं हट्टाने गेलो, कारण मला एकाच ठिकाणी तीन गोष्टी पाहायच्या होत्या: माणसाने केलेलं सरोवर, त्या सरोवराने केलेलं बेट, आणि त्या बेटावर माणसाने पुन्हा आणून ठेवलेली देवळं. मंदिर मुळात इथलं नाही. बेटही साठ वर्षांपूर्वी बेट नव्हतं, नाईलच्या खोऱ्याकडेची एक उघडीबोडकी टेकडी होती. पाणी वर चढलं आणि टेकडीचं बेट झालं.

आधी पाण्याविषयी सांगायला हवं, कारण ते समजल्याशिवाय बेट समजत नाही. आस्वानला धरणं दोन आहेत. पहिलं इंग्रजांच्या अमलात 1898 ते 1902 या काळात बांधलं गेलं आणि पुढे 1912 मध्ये आणि 1933 मध्ये त्याची उंची वाढवली गेली. दुसरं, ज्याला सगळं जग आस्वानचं उंच धरण म्हणून ओळखतं, ते त्याच्या वरच्या अंगाला सहा-सात किलोमीटरवर आहे. अमेरिकेने आणि जागतिक बँकेने पैसा द्यायचं नाकारलं, तेव्हा 1956 च्या जुलैमध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुवेझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. पुढे सोव्हिएत संघ मदतीला आला, 1960 च्या जानेवारीत काम सुरू झालं आणि 1970 मध्ये पूर्ण झालं. भिंत 111 मीटर उंच, जवळजवळ पावणेचार किलोमीटर लांब, आणि तळाशी किलोमीटरभर रुंद. दगड, वाळू आणि मातीचा हा भराव आहे. काँक्रीटच्या उभ्या भिंतीची अपेक्षा ठेवून गेलात तर आपण धरणावर उभे आहोत हेच कळत नाही. पश्चिम टोकाला कमळाच्या आकाराचा उंच मनोरा आहे, सोव्हिएत-इजिप्त मैत्रीचं स्मारक म्हणून उभारलेला. बेटावरून तो सतत दिसत राहतो.

या भिंतीमागे जे पाणी अडलं ते सुमारे पाचशे किलोमीटर लांब पसरलं. इजिप्तच्या हद्दीत त्याला नासर सरोवर म्हणतात, सुदानच्या हद्दीत नुबिया सरोवर. पाच हजार चौरस किलोमीटरहून मोठा हा पाणपसारा आहे आणि चोहोबाजूंनी वाळवंट. आस्वानला पाऊस जवळजवळ पडतच नाही. वर्षानुवर्षं एक सर नाही, अशी तिथली हवा. त्यामुळे सरोवराचं पाणी उन्हाने अखंड उडत असतं. 1959 मध्ये इजिप्त आणि सुदान यांनी नाईलच्या पाणीवाटपाचा करार केला, तेव्हा बाष्पीभवन आणि इतर गळतीसाठी वर्षाला दहा अब्ज घनमीटर पाणी बाजूला धरलं. आपल्याकडच्या हिशेबात सांगायचं तर हे साडेतीनशे टीएमसीच्या घरात जातं, म्हणजे काठोकाठ भरलेली तीन उजनी धरणं दरवर्षी नुसती हवेत विरतात. तो आकडा आधी वाचलेला होता. धरणावर उभं राहून कोरडा, तापलेला वारा तोंडावर घेतल्यावर मात्र तो पटला.

होडी धरणाच्या पश्चिम बाजूच्या धक्क्यावरून मिळते. आस्वानमधून टॅक्सी ठरवताना ड्रायव्हरला कलाब्शा हे नाव दोनदा सांगावं लागतं, कारण तोही पर्यटकाला फिलीच्याच धक्क्यावर न्यायला सवयीने वळतो. धक्क्यावर काही मोटरबोटी बांधलेल्या असतात; भाव ठरलेला नसतो. जाणं, बेटावर थांबणं आणि परत येणं असं सगळं मिळून एकच रक्कम आधी पक्की करायची, आणि ती परत आल्यावर द्यायची. जितके जास्त जण, तितकं माणशी कमी पडतं, म्हणून सोबतीला दुसरे प्रवासी मिळाले तर बरं. पाण्याची पातळी फार उतरली की बेट किनाऱ्याला जोडलं जातं आणि लोक चालतही जातात. सरोवराची पातळी इथिओपियाच्या डोंगरात पडणाऱ्या पावसावर अवलंबून असते. तिकडे ऐंशीच्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा पाणी खूप खाली गेलं, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भरपूर पूर आले तेव्हा इतकं चढलं की जादाचं पाणी पश्चिमेच्या वाळवंटातल्या तोश्काच्या खोलगट भागात सोडावं लागलं. शेकडो मैलांवरचा पाऊस या बेटाचा आकार ठरवतो.

आमचा नावाडी नुबियन होता, म्हणजे आस्वानच्या दक्षिणेकडच्या नाईलकाठच्या नुबिया प्रदेशातला; पन्नाशीचा, अंगात पांढरा गलाबिया, डोक्याला फेटा. इंग्रजी बेताचंच, पण बोलायची हौस. सरोवरात मगरी आहेत का, असं विचारल्यावर तो हसला आणि हात पसरून मगरीची लांबी दाखवली. धरणाच्या खालच्या नाईलमध्ये मगर उरलेली नाही. सगळ्या वर, सरोवरात. मासे भरपूर. बुल्ती, म्हणजे आपल्याकडे तिलापिया म्हणून विकला जातो तो, आणि माणसाच्या वजनाला मागे टाकणारा नाईल पर्च. मासेमार आठवडेच्या आठवडे दक्षिणेकडच्या खाड्यांमध्ये होडीवरच राहतात, असं तो म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहून त्याने दक्षिणेकडे बोट केलं आणि सांगितलं की माझ्या आजोबांचं गाव तिकडे पाण्याखाली आहे. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. गावाची दिशा सांगावी तसं सांगितलं.

बेटाला होडी लागते तिथं एक दगडी उतार आहे. ना झाड, ना झुडूप, ना दुकान, ना पाण्याचा नळ. तिकीट घेणारा माणूस, एक-दोन राखणदार आणि त्यांची सावलीला पडलेली कुत्री एवढीच वस्ती. करड्या-तांबूस खडकावर वाऱ्याने आणलेली वाळू साचलेली, आणि पाण्याच्या वर काही मीटर उंचीवर सगळ्या किनाऱ्याला फिकट पट्टा, जुन्या पातळीची खूण. उतारावरून वर पाहिलं की समोर मंदिराचा दर्शनी भाग येतो: दोन भक्कम, वर निमुळते होत जाणारे बुरूज आणि मध्ये दार. हा दर्शनी भाग मंदिराच्या अक्षाशी काटकोनात नाही, जरासा तिरपा आहे. मुळातही तसाच होता, आणि पुन्हा उभारताना तो तिरपेपणा तसाच राखला आहे.

मंदिर मूळ जागी होतं तेव्हा त्या गावाचं प्राचीन नाव टाल्मिस. आस्वानच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर, नाईलच्या पश्चिम काठावर, कर्कवृत्ताच्या अगदी लगत. तिथं आधीपासून पूजास्थान होतं, पण आज दिसतं ते मंदिर रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातलं, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. भिंतींवर ऑगस्टस इजिप्तच्या फेरोच्या वेषात देवांपुढे नैवेद्य धरून उभा आहे. रोमचा सम्राट टाल्मिसला कधी आला नव्हता, पण पुजाऱ्यांना राजा हवा होता आणि मंदिराला फेरो हवा होता, म्हणून त्याला तसा कोरला. देव मात्र अस्सल स्थानिक. त्याचं नाव मंडुलिस, नुबियाचा सूर्यदेव. त्याचा मुकुट पाहण्यासारखा आहे: मेंढ्याची आडवी शिंगं, त्यावर उंच पिसं, सूर्यबिंब आणि फणा काढलेले नाग. एवढा भरगच्च मुकुट इजिप्तच्या फारच थोड्या देवांना मिळाला आहे. फिली आणि लक्झर पाहून आलेल्या माणसाला इसिस, ओसायरिस, होरस ओळखीचे झालेले असतात; मंडुलिसची नीट भेट मात्र इथंच होते.

अंगण, मग खांबांचा सभामंडप, आणि त्यामागे एकापाठोपाठ तीन दालनं. आतल्या दालनांत उजेड कमी होत जातो, पण छताजवळच्या झरोक्यांतून उन्हाची तिरीप भिंतीवर पडते आणि कोरीव रेषा उठून दिसतात. काही ठिकाणी काम अर्धवट राहिलं आहे. आकृतीची बाह्यरेषा खोदलेली, पण डोळा, बोटं, वस्त्राच्या चुण्या कोरायच्या राहून गेलेल्या. मला ही अपुरी शिल्पं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त आवडली. आधी काय कोरत आणि नंतर काय, हे त्यांत वाचता येतं. जिन्याने गच्चीवर जाता येतं. वरून एका बाजूला धरणाची लांबलचक भिंत आणि विजेचे मनोरे, दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडे जाणारं पाणी, आणि दोहोंच्या मध्ये आपण.

कलाब्शाची खरी श्रीमंती शिल्पांपेक्षाही लेखांमध्ये आहे, असं माझं मत झालं. सभामंडपाच्या दर्शनी भिंतीवर आणि खांबांवर चार-पाचशे वर्षांतल्या माणसांनी आपापलं काही लिहून ठेवलं आहे. रोमन छावणीतले सैनिक ग्रीकमध्ये देवाला दंडवत घालतात आणि घरच्यांची नावं लिहितात. पाक्कियस मॅक्सिमस नावाच्या घोडदळातल्या एका अधिकाऱ्याने तर मंडुलिसला उद्देशून कविता कोरल्या, आणि ओळींच्या आद्याक्षरांत स्वतःचं नाव गुंफलं. दुसरा एक लेख सरकारी हुकूम आहे, इ.स. 249 च्या सुमाराचा: देवळाच्या आवारात फिरणारी डुकरं मालकांनी हाकलून न्यावीत. देवळाचं पावित्र्य राखायला शेवटी जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला हुकूम काढावा लागला, हे वाचताना तो काळ एकदम शेजारचा वाटू लागतो.

तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट डायोक्लेशियनने रोमन सरहद्द मागे, आस्वानपर्यंत आणली. टाल्मिसवर ब्लेम्मी या वाळवंटी टोळ्यांनी ताबा मिळवला. मग पाचव्या शतकात नोबाडिया या नुबियन राज्याचा राजा सिल्को आला. त्याने ब्लेम्मींना हरवलं आणि त्या विजयाची कहाणी ग्रीकमध्ये याच मंदिरावर कोरून घेतली. त्या लेखाजवळच सिल्को स्वतः घोड्यावर बसून शत्रूवर भाला चालवताना चितारला आहे. बाजूला मेरोइटिक या नुबियातल्या प्राचीन लिपीतला एक मोठा लेख आहे, खारामादोये नावाच्या राजाचा. त्या लिपीतली अक्षरं वाचता येतात, भाषेचा अर्थ मात्र अजून पुरता लागलेला नाही. याच भिंतींवर पुढे ख्रिस्ती क्रूस आले, कारण मंदिराचं चर्च झालं. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालत गेलं तरी ग्रीक, मेरोइटिक, चित्रलिपी आणि क्रूस अशी चार युगं हाताच्या अंतरावर लागतात. काच नाही, दोरी नाही. हात लावायचा मोह होतो, पण लावू नये.

आता हे सगळं इथं आलं कसं, ते. 1902 नंतर पहिल्या धरणाचं पाणी वर्षातले बरेच महिने या मंदिरात उभं राहत असे. पावसाळ्यात नाईलचा गाळाचा पूर वाहून जावा म्हणून धरणाची दारं उघडत, तेवढेच महिने ते कोरडं. उंच धरण झाल्यावर मंदिर तिथंच राहिलं असतं तर कायमचं साठेक मीटर खोल गेलं असतं. 8 मार्च 1960 रोजी युनेस्कोने जगाला आवाहन केलं आणि वीस वर्षं चाललेली नुबियाची मोहीम सुरू झाली. बावीस स्मारकं हलवली गेली. कलाब्शाची जबाबदारी पश्चिम जर्मनीने घेतली. 1961 ते 1963 या काळात मंदिराचे तेरा हजारांच्या आसपास दगड एकेक करून उतरवले गेले, क्रमांक घालून बोटींनी उत्तरेला आणले गेले आणि या टेकडीवर पुन्हा रचले गेले. अबू सिंबेलचा डोंगर करवतीने कापावा लागला. कलाब्शा दगडावर दगड ठेवून बांधलेलं होतं, त्यामुळे ते उलट क्रमाने उलगडता आलं. तसं करताना पायात जुन्या बांधकामाचे दगड सापडले. त्यांतलं एक सबंध दार इजिप्तने कृतज्ञता म्हणून जर्मनीला दिलं. ते आज बर्लिनमध्ये आहे. अशाच भेटी म्हणून डेबोडचं मंदिर माद्रिदला गेलं, डेंडूरचं न्यूयॉर्कला, टाफाचं नेदरलँड्समधल्या लायडनला आणि एलेसियाचं इटलीतल्या तुरीनला.

या मोहिमेत भारतही होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं एक पथक ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली 1961-62 च्या हंगामात नुबियात आलं आणि अफ्येह इथं उत्खनन केलं. फेरोंच्या आधीपासून नुबियात राहणाऱ्या लोकांची दगडी घरं त्यांनी उजेडात आणली. दिल्लीहून गेलेली माणसं नाईलच्या काठी, पाणी चढण्याआधी, पाच हजार वर्षांपूर्वीची घरं खोदत होती. ती जागा आता सरोवराच्या तळाशी आहे.

बेटावर कलाब्शा एकटं नाही. मागच्या बाजूला, उतारावर, बैत अल्-वाली आहे: रामसेस दुसरा याने तरुणपणी खडकात कोरवून घेतलेलं छोटंसं देऊळ. आकाराने नगण्य, पण माझा सर्वांत जास्त वेळ तिथं गेला. पुढच्या उघड्या चौकाच्या दोन्ही बाजूंना लांब शिल्पपट आहेत. एका बाजूला रामसेस रथातून नुबियनांवर तुटून पडला आहे. फेरोंच्या मंदिरांत असे प्रसंग शेकड्यांनी दिसतात आणि काही दिवसांनी डोळे त्यांना सरावतात. पण इथं शिल्पकाराने रथापासून दूर, पटाच्या टोकाला, एक गाव कोरलं आहे. ताडाची झाडं. दोन साथीदार जखमी माणसाला दंडांना धरून घरी आणत आहेत. मुलं पुढे धावत आली आहेत. आणि एक बाई चुलीवरच्या भांड्याशी वाकलेली आहे. तिच्यापर्यंत बातमी अजून पोचायची आहे. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी, विजेत्या राजाच्या मंदिरात, हरलेल्यांच्या गावातली ही चूल कोणीतरी कोरली. त्या कारागिराचं नाव कुठेच नाही.

शेजारच्याच पटावर नुबियातून आलेली खंडणी आहे: सोन्याच्या कड्या, हस्तिदंत, बिबट्याची कातडी, आबनूस, शहामृगाची पिसं, आणि जिवंत जिराफ, माकडं, लांब शिंगांची गुरं. एकोणिसाव्या शतकात या पटांचे साचे घेऊन केलेल्या रंगीत प्रतिकृती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मूळ दगडावरचे रंग विरले, प्रतिकृती मात्र झगझगीत. लंडनला नियमित जाणं असलेल्या मराठी मंडळींनी दोन्ही जरूर ताडून पाहावं.

पाण्याच्या कडेला केर्तासीचा मंडप आहे. रोमन काळातला, छोटेखानी. सहा खांब उरले आहेत, दोनांवर हाथोर देवीचा गाईच्या कानांचा चेहरा, बाकीच्यांवर कमळ-पपायरसची नक्षी. छताची एकच दगडी तुळई तेवढी वर राहिली आहे. नाईलवरच्या प्रवाशांनी दोनशे वर्षं याची चित्रं काढली. पलीकडे गर्फ हुसेनच्या देवळाचे अवशेष आहेत. त्या देवळाचा बराच भाग डोंगरात कोरलेला होता. तो हलवता आला नाही आणि पाण्याखाली राहिला. वाचवता आलेले खांब आणि रामसेसचे जाडजूड, ठेंगणे पुतळे तेवढे इथं उभे आहेत. घडण ओबडधोबड, पण मोकळ्या आभाळाखाली त्यांची छाप पडते.

राखणदाराला विनंती केली तर तो आणखी मागे नेतो. तिथं बुडीत क्षेत्रातून उचलून आणलेले काही खडक मांडले आहेत, इतिहासपूर्व काळातल्या रेखाटनांचे. हत्ती, जिराफ, हरणं, होड्या. टोचून टोचून काढलेल्या ठिपक्यांच्या रेषा. सहारा हिरवा होता, तेव्हाचे हे प्राणी. अख्ख्या बेटावर पावलाएवढीही हिरवळ नाही आणि दगडावर हत्तींचा कळप चालला आहे. राखणदाराला त्याच्या तत्परतेबद्दल थोडी बक्षिशी द्यावी. तिकडे ती रीत आहे आणि या माणसांची मिळकत तुटपुंजी असते.

परतताना मनात दगडांपेक्षा माणसंच जास्त येत राहिली. पहिल्या धरणाची उंची दोनदा वाढवली, तेव्हा दर वेळी नुबियन लोकांनी घरं सोडून वरच्या अंगाला नवी बांधली. नुबियन घरांच्या दर्शनी भिंती रंगवलेल्या असत, आणि त्यांत चिनीमातीच्या बश्या जडवलेल्या असत. उंच धरणाच्या वेळी वर सरकायला जागाच उरली नाही. 1963-64 मध्ये इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार नुबियनांना आस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बोजवळ सरकारी वसाहतींत हलवलं. नदीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं नदीपासून लांब, एकसारख्या घरांच्या रांगांमध्ये जाऊन पडली. वसाहतींना नावं मात्र जुन्या गावांचीच दिली. सुदानमधल्या वादी हल्फाच्या लोकांना तर शेकडो किलोमीटर दूर, अत्बारा नदीवरच्या खश्म अल्-गिरबाला पाठवलं. 2014 च्या इजिप्तच्या राज्यघटनेत नुबियनांना त्यांच्या मूळ प्रदेशात परत आणण्याची योजना दहा वर्षांत राबवण्याचं कलम घातलं गेलं. ती मुदत उलटली, आणि लोक अजून वाट पाहत आहेत.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. मुळशीच्या मावळ्यांनी 1921 मध्ये सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या अजून कागद घेऊन फिरत आहेत, आणि उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ बाहेर येतं. धरणाने इजिप्तला वीज दिली, दुष्काळाच्या वर्षांत पाणी दिलं, पुरापासून वाचवलं. हे खरं आहे आणि ते कमी लेखण्याचं कारण नाही. पण देवळांसाठी साऱ्या जगाने पैसा, इंजिनिअर आणि वीस वर्षं दिली, दगडाला क्रमांक घालून त्याची दिशासुद्धा जपली. गावांसाठी तेवढी निगुती कोणीही दाखवली नाही. मंडुलिसला नदीकाठ परत मिळाला. त्याच्या गावच्या लोकांना मिळाला नाही.

ज्यांना सवड आहे त्यांनी आस्वानहून अबू सिंबेलपर्यंत सरोवरातून जाणारी तीन-चार दिवसांची क्रूझ जरूर घ्यावी. वाटेत वादी अस्-सेबुआ, दाक्का आणि अमादा ही हलवलेली मंदिरं लागतात. अमादाचं मंदिर फ्रेंच इंजिनिअरांनी न कापता रुळांवरून अडीच किलोमीटर सरकवत नेलं, कारण कापलं असतं तर आतलं रंगकाम गेलं असतं. त्याच वाटेवर कस्र इब्रिम आहे. एके काळी नाईलच्या काठापासून सत्तर मीटर उंच कड्यावर असलेला हा किल्ला आता पाण्यालगतचं बेट होऊन बसला आहे, आणि इजिप्तच्या नुबियातलं मूळ जागेवर राहिलेलं हे एकमेव मोठं प्राचीन स्थळ. तिथं उतरू देत नाहीत. बोट जवळ थांबते आणि डेकवरूनच पाहायचं.

एवढा वेळ नसेल तर निदान कलाब्शा चुकवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि बेटावर सावली फक्त देवळांच्या आत असते. सकाळी लवकर निघा, पाण्याच्या भरपूर बाटल्या, टोपी आणि बैत अल्-वालीच्या आतल्या खोलीसाठी छोटा टॉर्च घ्या. होडीवाल्याशी दोन तास तरी ठरवा. तो एका तासावर अडून बसतो, आणि एक तास नुसत्या कलाब्शाच्या भिंतींनाही पुरत नाही. आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी आस्वान शहरातलं नुबिया संग्रहालय पाहून घ्या. 1997 मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात बुडालेल्या गावांचं जीवन, घरं आणि माणसं दाखवली आहेत. ते पाहून बेटावर गेलात तर बैत अल्-वालीच्या पटावरची ती चुलीपाशी वाकलेली बाई कोणाची कोण, हे कोणी सांगायला लागणार नाही.